भिंतीवरचं उष्टं

१

दादा आणि वहिनी जेवले होते का?

महादेवला एवढंच कळायला हवं होतं. बहारीनमधल्या सलमानियाच्या इस्पितळात त्यानं आधी डॉक्टरला विचारलं. डॉक्टर भला माणूस. त्यानं महादेवच्या खांद्यावर हात ठेवला आणि मान खाली घातली. मग पोलिसाला विचारलं. पोलिसानं सही कुठं करायची ते बोटानं दाखवलं. विमान कंपनीच्या काउंटरवरच्या मुलीला विचारलं, की दोघं आली त्या विमानात जेवण देतात की नुसतं पाणी. तिनं इंग्रजीत माफी मागितली. गावी दोघांना नेलं तेव्हा भटजींना विचारलं, तर ते मंत्र म्हणत राहिले.

"आता ते कळून काय करायचंय तुला?" समोरच्या फ्लॅटमधला शब्बीरभाई म्हणाला होता. शब्बीरभाई रत्नागिरीचा, लाँड्रीची व्हॅन चालवायचा. दादाचा जुना दोस्त.

काय करायचं होतं ते महादेवलाही सांगता आलं नसतं. विमानतळावरून घरी येताना दोघांच्या टॅक्सीवर पाण्याचा टँकर आला. त्या वेळी गुदैबियाच्या फ्लॅटमध्ये महादेव सुरमईच्या कालवणाला शेवटचा कढ देत होता. उपाशी माणूस त्यांच्या घरातून कधी बाहेर पडला नव्हता, आणि उपाशी माणूस घरी येऊन तसाच झोपलाही नव्हता. आई-बाप लवकर गेले, तेव्हापासून दादानं त्याला हाताला धरून वाढवलं होतं. आठवीत मास्तरांच्या अंगावर धावून गेल्यावर शाळा सुटली, तेव्हा दादानंच व्हिसा काढून त्याला बहारीनला आणलं आणि एसीच्या कामाला लावलं. डोकं तापलं की महादेवचा हात चालायचा, आणि हात चालून झाला की रडू यायचं. रडू आलं की वहिनी पुढ्यात ताट ठेवायची. त्यांना मूलबाळ नव्हतं. जे काय होतं ते हेच, मिसरूड फुटलेलं.

२

दोघांची फिरायला म्हणून गेलेली ही पहिलीच खेप. एरवी सुट्टी म्हटली की गुहागरकडचं गाव, कौलं बदलणं आणि कुणाचं तरी लग्न.

उझबेकिस्तानचं खूळ वहिनीच्या डोक्यात एका झग्यानं भरवलं. ती मनामात बायकांच्या शिलाईच्या दुकानात होती. तिथं एका गिऱ्हाइकाचा तिकडचा भरतकाम केलेला झगा आखूड करायला आला. सत्यवतीवहिनीनं तो उलटा केला आणि कितीतरी वेळ उलट्या बाजूकडेच बघत बसली. "भावजी, एक गाठ दिसत नाही हो," ती घरी येऊन म्हणाली, "उलटा घातला तरी चालेल." विश्रामदादा सीफमधल्या एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात होता. तो म्हणाला, "चल. तू गाठी शोध, मी खातो." ईदची सुट्टी आली आणि दोघं गेली.

रोज फोन यायचा, व्हिडिओचा.

"म्हाद्या, ही कढई बघ! हिच्यात तुझी अख्खी शाळा मावेल, नापास झालेली धरून."

"बिर्याणीच की ती."

"हळू बोल! बिर्याणी म्हटलं की इथला आचारी झारा घेऊन धावतो. पलाव म्हणायचं. गाजरं बघ, गाजरं!"

मग वहिनी फोन ओढून घ्यायची. "ह्यांचं खाणं पुरे. भावजी, हे बघा. आधी सुताला गाठी मारून रंगवतात आणि मग विणतात. कापड व्हायच्या आधी नक्षी सुतातच असते."

"आणि चुकलं म्हणजे?"

"थोडं चुकतंच. कडा फिसकटतात. त्यालाच तर ढग म्हणतात ही माणसं."

सोमवारी वहिनीचा उपास सुटायला भोपळ्याचा सामसा, म्हणजे तिकडचा भाजलेला समोसा मिळाला, त्याचाही फोटो आला. समरकंदच्या दगडी रस्त्यावर ओढून ओढून निळ्या ट्रॉली बॅगेचं एक चाक वाकडं झालं आणि ती टक-टक, टक-टक वाजायला लागली, त्याचाही व्हिडिओ आला. मागून दादा घोड्यासारखा खिंकाळत होता.

समरकंदला ती बानू नावाच्या बाईच्या घरी उतरली होती. बानू भरतकाम करायची, आणि जुने हिंदी सिनेमे बघून बघून मोडकंतोडकं हिंदी बोलायची. तिच्या भिंतीवर खिळ्यांना नान टांगलेले होते. तिकडचा नान म्हणजे आपल्या हॉटेलातला लिबलिबीत नान नव्हे. जाड कडेचा, जड, तुकतुकीत, मधोमध सुयांच्या ठशानं टोचून नक्षी काढलेली. "भाकरीवरसुद्धा भरतकाम करतात!" वहिनी म्हणाली. पण भिंतीवरच्या प्रत्येक नानाचा एकेक घास तोडलेला होता. घरातलं माणूस लांब निघालं की नानाचा एक घास खातं. उरलेला नान घरात टांगून ठेवायचा. तो संपवायला माणसाला परत यावंच लागतं. बानूचा मुलगा रशियात कामाला होता. त्याचा नान दगड झाला होता.

"आपल्याकडं ही रीत असती," दादा म्हणाला, "तर गुहागरात एक भिंत मोकळी राहिली नसती."

निघायच्या सकाळी दोघांनी एकाच नानाचा घास घेतला, एकाच वेळी, दोन्ही बाजूंनी, फोनसमोर. वहिनी हसून हसून ठसकली. बानूनं नान टांगायला हात पुढं केला, पण वहिनी देईना.

"आपलं उष्टं दुसऱ्याच्या भिंतीवर? शोभतं का? त्यांनी रोज बघायचं ते?" वहिनीनं तो नान फडक्यात बांधलासुद्धा. "आपण आपल्या घरी टांगू. घर म्हणजे घर."

बानू तिच्या मोडक्या हिंदीत काहीतरी बोलली. दादानं वहिनीला सांगितलं, "ती म्हणते, जिथून निघालात तिथंच ठेवायचा असतो. रस्त्यावर न्यायचा नसतो."

"तिला सांगा, सांभाळून नेईन."

फोन बंद होता होता महादेवला बानूचा हात दिसला. तो अजून पुढंच होता.

३

गावचं दिवसकार्य उरकून महादेव परतला तेव्हा पोलिसांकडून आलेली निळी बॅग दाराशी उभी होती. शब्बीरभाईनं सही करून घेतली होती. बॅगेला ओरखडासुद्धा नव्हता.

आत सगळं घडी घालून ठेवलेलं. निळ्या नक्षीचे वाडगे, वर्तमानपत्रात गुंडाळलेले. ढगांच्या नक्षीचं कापड, आणि त्याच्यावर वहिनीच्या अक्षरात चिकटवलेली चिठ्ठी, 'भावजींचा शर्ट'. सगळ्यात वर फडक्यात तो नान. दादाचा घास रुंद, वेडावाकडा. वहिनीचा लहान, नीट, कातरल्यासारखा.

महादेवनं ड्रिल आणलं आणि हॉलच्या भिंतीत खिळा ठोकला. विचार केला असता तर केलं नसतं, पण विचार करणं त्याच्या हातात कधी नव्हतंच.

"उष्टं टांगतात का रे?" शब्बीरभाई दारातून म्हणाला. "मुंग्या लागतील. तुझ्या वहिनीनं झाडूनं हाणलं असतं तुला."

"तिनंच आणलंय."

शब्बीरभाईनं मान तिरकी करून नानाकडं पाहिलं आणि म्हणाला, "बरं. सरळ तरी टांग."

पुढल्या शुक्रवारी, दुपारी, नमाज सुटून रस्ते रिकामे झाले होते. बाहेर ऊन नुसतं पांढरं. इमारतीतले सगळे एसी एका सुरात घुमत होते. महादेव पलंगावर पडला होता, जागाच. तेव्हा हॉलमध्ये आवाज झाला. कट्. वाळकी काटकी मोडावी तसा. मग थोडा वेळ काही नाही. मग हळूहळू, चावल्याचा.

तो उठून गेला. हॉलमध्ये कुणी नव्हतं. नानाखाली फरशीवर पांढरा भुगा पडला होता. दादाच्या घासाशेजारी आणखी एक घास तुटला होता. रुंद, वेडावाकडा.

"उंदीर," शब्बीरभाई म्हणाला.

"खिळ्यापर्यंत चढला?"

"एसीच्या पाइपातून उतरतात. इथले उंदीर विमानानं आलेले असतात, त्यांना काय."

महादेव स्वतः एसीवाला. पाइपाचं भोक त्यानंच फोम भरून बुजवलं होतं. तरी तो स्टुलावर चढला आणि बोट घालून बघून आला. फोम जिथल्या तिथं होता. तरीही त्यानं पिंजरा लावला, आत सुकट ठेवली. उंदीर आहे असं माणूस ठरवतं तेव्हा पिंजरा लावावाच लागतो. सुकट तशीच वाळून गेली.

४

त्यानंतरच्या शुक्रवारी चाकं आली.

आधी लिफ्टचं दार. मग कॉरिडॉरमधून टक-टक, टक-टक. महादेव उशीवरून डोकं न उचलता ऐकत राहिला. बॅग पलंगाखाली होती. त्यानं हात खाली घालून चाचपली, तिचं थंड हँडल हाताला लागलं. बाहेर टक-टक दारापर्यंत आली आणि थांबली.

बेल वाजली नाही. किल्ली फिरली नाही. थोड्या वेळानं स्वयंपाकघरात नळ सुटला आणि बंद झाला.

तो भ्यायला हवा होता. पुढं त्यानं शब्बीरभाईला सांगितलं, की घाबरलो असतो तर बरं झालं असतं. पण खोबरेल तेलात मेथी घालून वहिनी केसांना लावायची तो वास दाराच्या फटीतून आला, आणि महादेवनं तोंडात चादर कोंबली. आवाज झाला तर ती जातील म्हणून. कट्, असं बाहेर झालं. मग नाजूक कट्. दादा खाकरला. जेवताना दादा नेहमी असाच मध्येच खाकरायचा, आणि वहिनी म्हणायची, पाणी घ्या. ती तसं म्हणाली की नाही हे एसीच्या आवाजात कळलं नाही.

तो बाहेर गेला तेव्हा ओट्यावर दोन ओले पेले होते. नान अर्धा राहिला होता.

दुसऱ्या दिवशी दिवसभर महादेव शीळ घालत होता. अस्कर गावातल्या कामावर त्याचा फोरमन म्हणाला, "क्या भाई, शादी-वादी पक्की हुई क्या?" महादेव हसला. संध्याकाळी घरी येऊन नानासमोर उभा राहिला आणि त्याचं हसू विरलं. अर्धा राहिलाय. म्हणजे आणखी थोड्या वेळा. मग? संपवायला माणूस परत येतं, असं बानू म्हणाली होती. संपल्यावर काय, ते कुणी विचारलं नव्हतं.

त्यानं नान खाली उतरवला, स्टीलच्या डब्यात घातला, झाकण दाबून बसवलं, डबा कपाटात ठेवला आणि कपाटाला कुलूप लावलं. असंही करता येतं हे आधी सुचलं नाही याचंच त्याला नवल वाटलं. संपलं नाही तर ती येत राहतील. राहू देत. आयुष्यभर येऊ देत.

५

ती येत राहिली.

आता शुक्रवार उरला नाही. सकाळी तो दात घासत असताना टक-टक. कामावरून येऊन बूट काढत असताना टक-टक. कॉरिडॉरच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग परत. दाराशी थांबणं, मग आत. आत आल्यावर कधी खुर्ची सरकल्याचा आवाज नाही, सोफ्याची स्प्रिंग वाजल्याचा नाही. बसतच नव्हती. महादेव रोज दोन पेले भरून ठेवायचा. ते भरलेलेच राहायचे.

"दादा, बस ना," तो रिकाम्या हॉलला म्हणायचा. "वहिनी, जरा टेका की."

एकदा वाळूचं वादळ येऊन गेलं. खिडक्या कितीही लावल्या तरी फरशीवर बारीक धूळ बसते तशी बसली. महादेव झाडू घेऊन आला आणि तसाच उभा राहिला. धुळीत पावलं होती. दारापासून कपाटापर्यंत, कपाटापासून दारापर्यंत, एकावर एक, इतकी की मधली फरशी पुसल्यासारखी झाली होती. बुटांची पावलं. एक मोठी जोडी. एक लहान जोडी.

वहिनी घरात चपला घालून आलेल्या दादाला दारातून परत पाठवायची. देवाच्या घरात पायताणं? ती स्वतः बुटांनी आत आली होती, आणि एकदा नाही.

महादेवनं स्वतःला समजावलं की हे आपलेच बूट असतील. त्यानं आपला बूट आणून ठशावर ठेवून पाहिला; एकाही ठशाशी जुळला नाही. मग तो बूट हातात धरून तिथंच बसला. घरी आलेला माणूस बूट काढतो. बूट घातलेला माणूस वाटेत असतो.

त्या संध्याकाळी शब्बीरभाईनं त्याला जिन्यात गाठलं. शब्बीरभाईचा चेहरा उतरला होता.

"तुझ्याकडं पाहुणे आलेत का?"

"का?"

"कॉरिडॉरमध्ये उभी होती दोघं, बॅग घेऊन, तुझ्या दाराकडं तोंड करून. मला पाठच दिसली. मी म्हटलं, यल्ला, चला, बेल वाजवा ना, आत आहे तो. मग..."

"मग काय? वळली?"

"हो."

"दादाच होता ना? सांग ना! बरा दिसत होता?"

शब्बीरभाईनं एकदा कॉरिडॉरच्या टोकाकडं पाहिलं. "महादेव," तो हळू म्हणाला, "त्यांना जेवायला घाल. मी आणखी काही सांगणार नाही. विचारू नकोस." आणि त्यानं घरात शिरून दार लावलं, आतून कडी घातली. झोपायच्या आधी तो कधी कडी घालत नसे.

महादेवनं कपाट उघडलं. कुलूप जिथल्या तिथं होतं. आत स्टीलच्या डब्याच्या झाकणावर चहूकडून ओरखडे होते, बारीक, नखांचे. झाकणाच्या कडेत एक नख अडकलं होतं, निम्म्यात मोडलेलं. ईदच्या आदल्या संध्याकाळी दुकानातल्या पोरींनी वहिनीला मेंदी लावली होती. ती नखावर अजून तांबडी होती.

तो डबा पोटाशी धरून हमसून हमसून रडला. ज्यांनी त्याला कधी रात्रीचं उपाशी झोपू दिलं नाही, त्यांना त्यानं किती दिवस कुलपाबाहेर उभं केलं होतं.

६

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. महादेवनं आंघोळ केली. फरशी पुसली. आलं घालून चहा उकळला, कारण नान इतका वाळला होता की चहात बुडवल्याशिवाय वहिनीच्या दातांना झेपला नसता. हॉलमध्ये चटई अंथरली, तिच्यावर दोन ताटल्या, मधोमध फडक्यावर नान, नक्षी वर करून. मग तो स्वयंपाकघरात जाऊन ओट्याकडं तोंड आणि हॉलकडं पाठ करून जमिनीवर बसला. जेवणाऱ्याच्या तोंडाकडं बघू नये, हे वहिनीनंच त्याला शिकवलं होतं. आणि शब्बीरभाईनं काय पाहिलं ते त्याला पाहायचं नव्हतं.

लिफ्टचं दार. टक-टक, टक-टक. मग मेथीचा वास.

मग खाणं. पुष्कळ दिवसांच्या भुकेचं खाणं, घाईचं, बोलणं नाही. कट्. कट्. चहा फुरकल्याचा आवाज. दादा खाकरला. महादेवनं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते. वळावं, बिलगावं, दादाच्या पोटात डोकं खुपसावं असं त्याला वाटत होतं, आणि त्याच वेळी मानेवरचे केस उभे राहिले होते. एकाच अंगाला दोन्ही कसं वाटतं हे त्याला कळेना.

खाणं थांबलं. थोडा वेळ सगळं शांत. मग बुटांची पावलं चटईवरून उठली आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आली. त्याच्या पाठीमागं फरशीवर ताटली सरकली. करकरत त्याच्या मांडीला येऊन टेकली.

ताटलीत एक तुकडा होता. शेवटचा. चहात भिजवलेला.

वहिनी शेवटचा घास नेहमी त्यालाच ठेवायची. 'भावजी, एवढा घ्या, वाया नको जायला.' कितीही पोट भरलेलं असो, त्यानं तो कधी परत केला नव्हता. त्याचा हात मांडीखालून सुटला. तुकडा बोटांत आला. मऊ होता, कोमट, आल्याचा वास येत होता. हा खाल्ला की चाकांमागून चालायचं, दादा पुढं, वहिनी मध्ये आणि आपण शेवटी, लहानपणी बाजारातून येताना चालायचो तसं. यात वाईट काय होतं? इथं काय होतं?

त्यानं तुकडा ओठांपर्यंत आणला. समोर ओट्याखाली कुकर होता, घासून लख्ख केलेला. त्याच्या पोटात उंबरा दिसत होता, वाकडा, लहान. उंबऱ्यात दोघं होती. दादाचा हात वहिनीच्या मनगटावर होता. घट्ट. मागं ओढत होता. वहिनीचं डोकं ताटलीकडं झुकलेलं होतं, फार खाली झुकलेलं, मान जितकी वाकते त्यापेक्षा खाली. आणि दादाचं तोंड उघडं होतं, आणि ते महादेवला नको, नको म्हणत होतं. निदान महादेवला तसं वाटलं. तोंडाचा बाकी भाग कुकरच्या वळणात गेला होता.

महादेवनं डोळे मिटले. तुकडा ताटलीत ठेवला आणि मागं न बघता ताटली मागं सारली.

"वहिनी, माझं झालंय," तो म्हणाला. "पोट भरलंय माझं. तुम्हीच घ्या. तुम्ही घ्या म्हणतो ना."

बराच वेळ काही झालं नाही. मग नाजूक आवाज झाला. मग कुणीतरी श्वास सोडला, मोठा, जेवून झाल्यावर सोडतात तसा.

तो वळला तेव्हा उंबरा रिकामा होता, आणि फडक्यावर भुगासुद्धा नव्हता. कॉरिडॉरमध्ये पावलं लिफ्टकडं चालली होती. नुसती पावलं, चाकांचा आवाज नाही. महादेव पलंगाखाली शिरला, निळी बॅग बाहेर ओढली, आतलं सगळं आहे ना बघून चेन लावली आणि अनवाणी पळाला. पाहुणे निघाले की त्यांचं ओझं घरच्यानं न्यायचं असतं.

लिफ्ट उघडी होती. आत कुणी दिसत नव्हतं. पण आतल्या आरशावर, दोन माणसांच्या तोंडांच्या उंचीवर, काच वाफाळली होती. त्यानं तिकडं पाहिलं नाही. वाकून बॅग आत ठेवली, घसरू नये म्हणून वाकडं चाक कोपऱ्याला लावलं, तळमजल्याचं बटण दाबलं आणि दार मिटायच्या आत हात बाहेर काढून घेतला.